ग्राफिक्स कार्डाची खरेदी पडद्यांपासून सुरू व्हावी

प्रति,
मा. संपादक,
सांगली आवृत्ती

महोदय,

सांगली-मिरज परिसरातील मंगल कार्यालये, शाळा, वाचनालये आणि काही ग्रामपंचायती यांच्याकडून गेल्या वर्षभरात एकाच प्रकारच्या सामग्रीची दरपत्रके वारंवार मागवली जात आहेत. एक संगणक, त्यात एक ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग, आणि त्या संगणकावरून वायफायने आठ-दहा टीव्हींवर चालते चित्र, अशी ही मागणी असते. मी तीस वर्षांहून अधिक काळ सांगलीत व्हिडिओ चित्रीकरणाचा व्यवसाय करीत असल्यामुळे, म्हणजे व्हीएचएस कॅसेटचा कॅमेरा खांद्यावर घेऊन वरातीपुढे उलट्या पावलांनी चालण्याच्या दिवसांपासून याच धंद्यात असल्यामुळे, ही पत्रे माझ्याही हाती येतात. त्यांपैकी बहुतेकांत एक ओळ जवळजवळ शब्दशः सारखी असते : ‘ग्राफिक्स कार्ड उच्च प्रतीचे, किमान १२ जीबी.’ संस्थेला चांगली वस्तू हवी आहे एवढेच या ओळीतून कळते. कामाला कोणती वस्तू लागेल हे तिच्यातून ठरत नाही, आणि म्हणूनच लाखभर रुपये खर्चूनही पडद्यावरचे चित्र अडखळत राहते. या विषयावर मराठीत फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र थोडे लांबले तरी आपण ते छापावे, अशी विनंती आहे.

मध्यंतरी एका मंगल कार्यालयात मी मुलीकडचा पाहुणा म्हणून गेलो होतो. कार्यालयाचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण असा प्रकार मी आणखी दोन ठिकाणी पाहिला आहे. मुख्य सभागृह वरच्या मजल्यावर, भोजनगृह तळमजल्यावर आणि जिना चढणे ज्यांना जमत नाही अशा वडीलधाऱ्यांची बसण्याची सोय खालीच केलेली होती. त्यांना विवाहविधी दिसावा म्हणून खाली सहा, व्हरांड्यात दोन आणि वधूपक्षाच्या खोलीत एक, असे नऊ टीव्ही भिंतींवर लावले होते. मुहूर्ताच्या वेळी वरच्या सभागृहातील ध्वनिक्षेपकाचा आवाज जिन्यावरून खाली थेट ऐकू येत होता. ‘शुभ मंगल सावधान’ झाले, ताशा वाजू लागला, आणि खालच्या टीव्हीवर अंतरपाट अजून तसाच धरलेला होता व भटजी आधीच्या मंगलाष्टकाच्या मध्यावर होते. निम्म्या आजीबाईंनी कानावर विश्वास ठेवून अक्षता टाकल्या, तर निम्म्यांनी डोळ्यांवर विश्वास ठेवून पंधरा-वीस सेकंदांनी टाकल्या. नऊपैकी तीन टीव्हींवर चित्र सुरळीत होते, पाच टीव्हींवर ते गचके खात पुढे सरकत होते आणि वधूपक्षाच्या खोलीतील टीव्ही पूर्ण काळा होता.

सामग्री बसवणारा तरुण संगणकापाशी घाम पुसत बसला होता. त्याच्या शेजारी खुर्ची ओढून मी टास्क मॅनेजर उघडायला सांगितला. विंडोजच्या या खिडकीत ग्राफिक्स कार्डाच्या कामाचे वेगवेगळे आलेख दिसतात आणि त्यांत ‘थ्रीडी’, म्हणजे खेळांसारखी दृश्ये रेखाटण्याचे काम, व ‘व्हिडिओ एन्कोड’, म्हणजे चित्र आवळण्याचे काम, हे दोन स्वतंत्र असतात, ही गोष्ट पुष्कळ व्यावसायिकांच्याही लक्षात आलेली नसते. थ्रीडीचा आलेख तळाशी झोपलेला होता. लाखाहून अधिक रुपये मोजून घेतलेल्या, ३०९० या क्रमांकाच्या त्या कार्डाची जी ताकद विकत घेतली होती ती वापरलीच जात नव्हती. मुख्य प्रोसेसर मात्र शंभर टक्क्यांवर जाऊन अडकला होता. ‘काका, याहून मोठे कार्ड लागेल काय?’ असे त्याने मला विचारले. हा प्रश्न त्याचा एकट्याचा नाही, आणि तो चुकीचा का आहे ते नीट सांगितले पाहिजे.

कॅमेऱ्यातून येणारे पूर्ण एचडी चित्र १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचे असते. प्रत्येक ठिपक्याला २४ बिट आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट होतात. एवढा ओघ साध्या वायफायवरून एका टीव्हीलाही पोचवता येत नाही, मग नवांना कोठून पोचणार? त्यामुळे हा ओघ आवळून सेकंदाला ५० लाख बिटांच्या, म्हणजे पाच मेगाबिटच्या आसपास आणला जातो. अडीचशे पोती माल एका पोत्यात बसवण्याचे हे काम एन्कोडर करतो. ग्राफिक्स कार्डात या कामासाठी वेगळे, स्वतंत्र सर्किट असते. एन्व्हिडिया या कंपनीच्या कार्डांत ते २०१२ पासून एन्व्हेंक या नावाने येते, एएमडीनेही त्याच वर्षी आपले सर्किट आणले, आणि इंटेलने तर त्याआधी, २०११ मध्ये, क्विक सिंक या नावाने ते थेट प्रोसेसरमध्येच बसवले.

तासगाव भागातील द्राक्षबागायतदारांना हे लगेच समजेल. फवारणीचा ब्लोअर ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर चालतो. इंजिन कितीही अश्वशक्तीचे असले, तरी मागे पीटीओच नसेल तर ब्लोअर फिरणार नाही. ग्राफिक्स कार्डाची जाहिरात केली जाते ती त्याच्या थ्रीडी ताकदीची, म्हणजे खेळ किती वेगाने चालतील याची, आणि किंमतही तिच्यावरूनच ठरते. आपल्याला हवा असलेला एन्कोडर मात्र त्याच चिपच्या एका कोपऱ्यात स्वतःचे काम स्वतंत्रपणे करीत असतो. एन्व्हिडियाच्या ३००० मालिकेत तर ३०५० या धाकट्या कार्डात आणि ३०९० या थोरल्या कार्डात एकाच पिढीचा एन्कोडर आहे आणि दोन्हींत तो एकेकच आहे. किमतीतील फरक मात्र कित्येक पटींचा होता. चित्र टीव्हीवर पाठवणे एवढेच काम असलेल्या संस्थेने ३०९० घेतले म्हणून तिचा एन्कोडर मोठा होत नाही. ‘१२ जीबी’च्या अटीचेही तेच. त्याच मालिकेत ३०६० या कार्डाला १२ जीबी स्मृती आहे आणि त्याहून महाग असलेल्या ३०७० ला ८ जीबी. तेव्हा स्मृतीच्या आकड्यावरून कार्डाची प्रतही ठरत नाही आणि एन्कोडरची क्षमता तर मुळीच ठरत नाही.

उलट बाजूची फसगत अधिक वाईट असते. बजेट कमी आहे असे सांगितले की दुकानदार छोटे कार्ड पुढे करतो. एन्व्हिडियाचे जीटी १०३० आणि एएमडीची आरएक्स ६४०० व आरएक्स ६५०० एक्सटी ही कार्डे संगणकाला टीव्ही जोडण्यापुरती चांगली आहेत, पण या तिन्हींत एन्कोडरचे सर्किटच नाही. म्हणजे बिनपीटीओचा ट्रॅक्टर. खोक्यावर हे लिहिलेले नसते, आणि एचडीएमआयचे तोंड आहे म्हणजे सगळे आहे, असे घेणारा समजतो. बिनतारी टीव्हींसाठी कार्डाला किती तोंडे आहेत हा प्रश्न मुळात गैरलागू आहे, कारण ते टीव्ही त्या तोंडांना जोडलेच जात नाहीत.

आता त्या लग्नात तीनच टीव्ही का चालले, ते सांगतो. एन्व्हिडियाच्या जीफोर्स वर्गातील, म्हणजे सामान्य ग्राहकांसाठीच्या कार्डांवर एका वेळी किती एन्कोडिंगे चालवता येतील याची मर्यादा कंपनीने ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातलेली आहे. पूर्वी ती दोनची होती, २०२० मध्ये तीन झाली, २०२३ मध्ये पाच आणि २०२४ मध्ये आठ. ही मर्यादा सर्किटाच्या दमाची नसून कंपनीच्या धोरणाची आहे, आणि ती प्रत्येक कार्डाला वेगळी नसून संपूर्ण संगणकाला मिळून लागू होते. तेव्हा जीफोर्सची दोन कार्डे लावली म्हणून ती दुप्पट होत नाही. याच कंपनीच्या व्यावसायिक वर्गातील मोठ्या कार्डांना ही मर्यादा नसते, पण त्या वर्गातील काही लहान कार्डांना असते, म्हणून केवळ ‘प्रोफेशनल’ हा शब्द पाहून निर्धास्त राहू नये. कंपनीने प्रत्येक कार्डाचा एन्कोडर व त्याची मर्यादा यांचा तक्ता जाहीर केलेला आहे आणि खरेदीपूर्वी तो पाहायला पाच मिनिटे लागतात. त्या कार्यालयातील संगणकावरचा ड्रायव्हर २०२१ सालचा होता आणि त्यानंतर तो कोणी अद्ययावत केलेला नव्हता. पहिल्या तीन टीव्हींना एन्कोडर मिळाला, उरलेल्यांचे काम सॉफ्टवेअरने मुकाट्याने मुख्य प्रोसेसरवर ढकलले आणि तो त्या ओझ्याखाली बसला. आदल्या दिवशी चाचणी झाली होती, पण ती तीन टीव्ही लावून आणि रिकाम्या सभागृहात. चित्र आले, सर्वांनी चहा घेतला आणि चाचणी यशस्वी झाली.

पण ड्रायव्हर नवा करा, आठ टीव्ही चालतील, असे सांगून मी थांबलो असतो तर तोही अर्धवट सल्ला झाला असता. नऊही टीव्हींवर एकच चित्र दाखवायचे होते. मग ते नऊ वेळा आवळायचे कशासाठी? एकदा आवळावे आणि तोच ओघ नऊ ठिकाणी पाठवावा. पंगतीत जिलेबी एकदाच तळतात आणि ताटोताट वाढतात, प्रत्येक पानासाठी वेगळी कढई चढवीत नाहीत. त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक टीव्ही ‘वेगळा पडदा’ म्हणून नोंदवला गेल्यामुळे नऊ कढया चढल्या होत्या. एकच एन्कोडिंग करून ते वाटून देणारे मांडणीचे प्रकार विनामूल्य सॉफ्टवेअरमध्येही उपलब्ध आहेत, आणि तसे केल्यावर एन्कोडरवर येणारा भार इतका कमी असतो की इंटेलच्या साध्या प्रोसेसरमधले क्विक सिंक त्याला पुरून उरते. क्विक सिंकला जीफोर्ससारखी संख्येची मर्यादा घातलेली नाही. पूर्ण एचडीचे अनेक ओघ ते एकाच वेळी हाताळते.

येथे माझी स्वतःची हळहळ नोंदवतो. पुढे कार्यालयाच्या व्यवस्थापकांनी मला बोलावले, तेव्हा ते महागडे कार्ड काढून विकावे आणि प्रोसेसरमधल्या एन्कोडरवर काम भागवावे, असे मी ठरवून गेलो होतो. संगणक उघडून पाहिला तर प्रोसेसरच्या क्रमांकापुढे ‘एफ’ हे अक्षर होते. इंटेलच्या ‘एफ’ प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स बंद असते, त्यामुळे क्विक सिंकही नसते. खरेदीच्या वेळी प्रोसेसरवर थोडे पैसे वाचवून कार्डावर लाख रुपये घातले गेले होते. तेच दोन-चार हजार रुपये जास्त देऊन ‘एफ’ नसलेला प्रोसेसर घेतला असता, तर या कामासाठी कार्डच लागले नसते. आता ते कार्ड तेथेच आहे आणि एकच ओघ आवळण्याचे काम करीत पंखे फिरवीत बसले आहे.

कार्डाचा प्रश्न येथे संपतो, पण टीव्हीवरचे चित्र अजून सुधारलेले नसते, कारण पुढचा अडसर हवेत असतो. वायफायची हवा सर्वांची मिळून एकच आहे. एका वेळी एकानेच बोलायचे आणि बाकीच्यांनी थांबायचे, असा तिचा नियम आहे. राउटरच्या खोक्यावर ३०० मेगाबिट हा आकडा मोठ्या अक्षरांत असतो, पण तो दुप्पट रुंद वाहिनी मोकळी मिळाली तरचा आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच असतात, १, ६ आणि ११, आणि बाजारपेठेतल्या इमारतीत त्या शेजारच्या दुकानांनी आधीच व्यापलेल्या असतात. रुंदी निम्मी धरली की आकडा १४४ वर येतो आणि प्रत्यक्ष उपयोगाचा वेग त्याच्याही निम्म्यावर. पाच मेगाबिटचे नऊ ओघ म्हणजे ४५ मेगाबिट. कागदावर हे अजूनही बसते. पण भिंतीआडच्या एका टीव्हीची रेंज पडून तो साडेसहा मेगाबिटच्या सर्वांत खालच्या वेगावर घसरला, तर त्याचे एकट्याचे पाच मेगाबिट वाहून नेण्यातच जवळजवळ सगळा वेळ जातो आणि जवळचे आठ चांगले टीव्हीही त्याच्यापायी गचके खातात. वधूपक्षाच्या खोलीतील तो काळा टीव्ही असाच दोन भिंतींपलीकडे होता. तो बंद करताच व्हरांड्यातील चित्र सुधारल्याचे मी डोळ्यांनी पाहिले.

यावर दोन गोष्टी आणखी चढतात. माणसाचे शरीर बहुतांशी पाण्याचे असल्यामुळे ते या लहरी शोषते. रिकाम्या सभागृहात पूर्ण रेंज दाखवणारा टीव्ही पाचशे माणसे बसल्यावर तशी दाखवत नाही. शिवाय त्या पाचशे माणसांच्या खिशात फोन असतात आणि कार्यालयाने सौजन्य म्हणून वायफायचा पासवर्ड फलकावर लावलेला असतो. टीव्हींचे वायफाय पाहुण्यांच्या वायफायपासून वेगळ्या उपकरणावर आणि शक्यतो ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर असावे. त्या पट्ट्यात वाहिन्या अधिक आहेत. मात्र त्याच्या लहरी भिंतीपलीकडे कमी पोचतात, म्हणून दालनागणिक एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पुरवणारी पेटी लागते.

एकच ओघ हवेतही एकदाच सोडावा आणि सर्व टीव्हींनी तो पकडावा, म्हणजे मल्टिकास्ट करावे, असा उपाय काही जाणकार सुचवतात. तारेच्या नेटवर्कवर तो उत्तम चालतो. वायफायवर मात्र त्याची अवस्था गावातल्या दवंडीसारखी होते. दवंडी सर्वांत लांबच्या माणसाला ऐकू जावी म्हणून सावकाश द्यावी लागते आणि कोणाला एखादा शब्द ऐकू आला नाही, तर दवंडीवाला परत येत नाही. वायफायवर मल्टिकास्ट नेहमी सर्वांत खालच्या वेगांपैकी एका वेगाने जाते आणि हरवलेला तुकडा पुन्हा पाठवला जात नाही. काही चांगले ॲक्सेस पॉइंट मल्टिकास्टचे रूपांतर प्रत्येक टीव्हीसाठीच्या वेगळ्या ओघात करतात. ती सोय असेल तरच या वाटेला जावे.

माझे स्वतःचे मत याहून साधे आहे, आणि ते ऐकून ग्राहक थोडे नाराज होतात. जो टीव्ही भिंतीत खिळे ठोकून कायमचा बसवला आहे, ज्याला विजेची तार द्यावीच लागते, त्याला नेटवर्कची तार देण्यात कसली अडचण आहे? कॅट-६ तार शंभर मीटरपर्यंत चालते आणि बहुतेक कार्यालये त्याच्या आत बसतात. बिनतारी जोडणी ही खरोखर हलत्या पडद्यांसाठी, म्हणजे मांडवातल्या, मैदानातल्या, भाड्याने आणलेल्या टीव्हींसाठी राखून ठेवावी. तार दिसू नये म्हणून वायफाय, आणि वायफाय चालेना म्हणून आणखी मोठे कार्ड, हा उलटा प्रवास मी अनेकदा पाहिला आहे.

अक्षतांच्या घोटाळ्याचे कारण आणखी वेगळे होते. चित्र इंटरनेटवरील प्रसारणासाठीच्या पद्धतीने, म्हणजे एचएलएसने, पाठवले जात होते. या पद्धतीत चित्राचे काही सेकंदांचे तुकडे करून ते एकामागून एक पाठवतात. तुकडा सहा सेकंदांचा आणि टीव्हीने तीन तुकडे साठवून मग सुरुवात करायची, असे धरले की अठरा सेकंदांचा उशीर आपोआप होतो. परदेशातील नातेवाइकांना लग्न दाखवायचे असेल, तर अठरा सेकंदांनी काही बिघडत नाही. त्याच इमारतीत, जेथे आवाज थेट ऐकू येतो, तेथे ही पद्धत वापरणे चूक आहे. आरटीएसपी, एसआरटी किंवा वेबआरटीसी या मार्गांनी उशीर नीट मांडणीत एका सेकंदाच्या आत आणता येतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या गावात नाटक उभे केले, त्या गावातील रंगकर्मींना एका सेकंदाची किंमत वेगळी सांगायला नको. रंगपटात लावलेल्या टीव्हीवर रंगमंचावरचे चित्र पाहून नटाने प्रवेशासाठी निघायचे असेल, तर तेथे दोन सेकंदांचा उशीरसुद्धा चालत नाही, आणि अशा एका टीव्हीसाठी मी सरळ तार ओढून देतो. दरपत्रकात उशिराविषयी एकही शब्द असलेला मी अद्याप पाहिलेला नाही.

टीव्हीला कोणती भाषा कळते हेही आधी पाहावे लागते. २००३ मध्ये निश्चित झालेले एच.२६४ हे आवळण्याचे तंत्र आज जवळजवळ प्रत्येक टीव्ही आणि टीव्हीमागे लावायची प्रत्येक अँड्रॉइड पेटी उलगडू शकते. २०१३ चे एचईव्हीसी कमी जागेत तेवढेच चांगले चित्र देते, पण जुने टीव्ही ते ओळखत नाहीत. २०१८ चे एव्ही१ आणखी काटकसरी आहे आणि ते तयार करणारे एन्कोडर २०२२ पासून तिन्ही कंपन्यांच्या कार्डांत आले आहेत. परंतु भिंतीवरचे टीव्ही सहा-सात वर्षांपूर्वीचे असतील, तर एव्ही१ साठी जादा पैसे देणे म्हणजे ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी महागडा गवई बोलावणे होय.

वेगवेगळ्या टीव्हींवर वेगवेगळी चित्रे हवी असतील, तर मात्र हिशेब बदलतो आणि कार्डाला खरे महत्त्व येते. एखाद्या शाळेत सहा वर्गांत सहा वेगळे धडे, किंवा कुस्तीच्या मैदानात चार बाजूंना चार कॅमेऱ्यांची चार दृश्ये दाखवायची असतील, तर तितकी एन्कोडिंगे खरोखर लागतात. अशा वेळी माझी पसंती क्विक सिंक असलेल्या प्रोसेसरला, आणि ते पुरत नसेल तर इंटेलच्या आर्क ए३८० सारख्या लहान कार्डाला असते. त्याचा व्हिडिओ एन्कोडर त्याच मालिकेतील मोठ्या कार्डासारखाच आहे आणि कार्डाची विजेची गरज ७५ वॉटची आहे. ३०९० ची नोंदलेली गरज ३५० वॉटची. नुसत्या एन्कोडिंगला ते एवढी वीज ओढत नाही, हे खरे. तरी पॉवर सप्लाय आणि यूपीएस त्या आकड्याला धरूनच घ्यावे लागतात, आणि आपल्याकडे मुहूर्ताच्या वेळी वीज जाण्याची शक्यता गृहीत धरावीच लागते. एन्व्हिडियाचेच कार्ड हवे असेल, तर आठापर्यंतच्या ओघांना नव्या ड्रायव्हरसह धाकटे जीफोर्स पुरते. त्यापलीकडे गेल्यास मर्यादा नसलेले व्यावसायिक कार्ड घ्यावे किंवा दोन संगणक करावेत. दोन संगणकांचा फायदा असा की एक बंद पडला तरी निम्मे टीव्ही चालू राहतात.

शाळांविषयी एक सूचना. शिक्षकांना आपल्या लॅपटॉपवरचे चित्र टीव्हीवर बिनतारी दिसते, हे मिराकास्टमुळे ठाऊक झालेले असते. २०१२ पासूनचे हे तंत्र एका लॅपटॉपचे चित्र एका पडद्याला देण्यासाठी आहे. विंडोजमधून ते एका वेळी एकाच पडद्याला जोडले जाते. कार्ड बदलल्याने सहा वर्गांत चित्र जाणार नाही.

नदीकाठच्या एका ग्रामपंचायतीची मागणी तर माझ्या चांगलीच लक्षात राहिली. चौकात, शाळेत आणि समाजमंदिरात असे पाच टीव्ही लावून पावसाळ्यात कृष्णेची पातळी, धरणातील विसर्ग आणि एरवी हळदीचे दर दाखवायचे होते, आणि त्यासाठी बारा जीबीचे कार्ड मागितले होते. ही माहिती म्हणजे चार ओळींचा मजकूर आहे. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोका पातळी मानतात, हे येथे लहान मुलालाही पाठ असते. तेथील आकडा तासातून एकदा बदलला तरी पुरे. त्यासाठी सेकंदाला पंचवीस चित्रे आवळून हवेत सोडण्याचे काहीच कारण नाही. प्रत्येक टीव्हीमागे एक छोटी पेटी ठेवावी, तिने मजकूर मागवून घ्यावा आणि स्वतःच पडद्यावर मांडावा. जोडणी तुटली, तरी शेवटचा आकडा पडद्यावर राहतो. २०१९ च्या पुरात माझ्या तळमजल्यावरच्या दुकानातील दोन संगणक चिखलात गेले आणि तेव्हापासून माझे सर्व सामान पहिल्या मजल्यावर असते. पुराच्या दिवसांत वीज किती वेळ नसते याचा अनुभव घेतल्यावर, काही वॉटांवर, साध्या इन्व्हर्टरवर तग धरणारी पेटीच मला अधिक भरवशाची वाटते. त्या ग्रामपंचायतीला मी ग्राफिक्स कार्डाशिवायचे दरपत्रक दिले. ते सर्वांत कमी रकमेचे होते आणि ‘अटींची पूर्तता होत नाही’ म्हणून बाद झाले.

म्हणून संस्थांच्या विश्वस्तांना आणि ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे की, दरपत्रकातील ती एक ओळ त्यांनी बदलावी. पडदे किती, त्यांवर एकच चित्र की वेगळी, वेगळी असल्यास एका वेळी जास्तीत जास्त किती, टीव्ही कोणत्या साली घेतलेले, प्रत्यक्ष प्रसंग आणि पडदा यांत किती सेकंदांचा उशीर चालेल आणि कोणत्या टीव्हींपर्यंत तार नेता येते, एवढे लिहून द्यावे. कार्डाचे नाव पुरवठादाराला सुचवू द्यावे आणि त्याने सुचवलेल्या कार्डात एन्कोडर आहे काय व त्याची मर्यादा किती, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे. चाचणी सर्व टीव्ही एकदम लावून आणि सभागृह भरलेले असताना, म्हणजे एखाद्या खऱ्या कार्यक्रमाच्या दिवशी घ्यावी आणि देयकाचा शेवटचा हप्ता त्या दिवसानंतरच द्यावा. माझ्या व्यवसायबंधूंना ही शेवटची अट आवडणार नाही, याची मला कल्पना आहे. मी स्वतः मात्र गेल्या दिवाळीपासून ती माझ्या प्रत्येक दरपत्रकात लिहून देत आहे.

आपला विश्वासू,
एक व्हिडिओ व्यावसायिक
विश्रामबाग, सांगली